कोल्हापूरहून जर्मनीला जाताय? नव्या घरातले पहिले काही आठवडे

जर्मनीत इमारतीला नंबर असतो, आतल्या फ्लॅटला बहुतेक वेळा नसतो. पोस्टमन येतो आणि खालच्या पेट्यांवरची आडनावं वाचतो. तुमचं आडनाव पेटीवर नसेल तर पत्र आल्या वाटेनं परत जातं. "हाय की, वरच्या मजल्यावर राहत्यात" असं सांगायला दारात कुणी बसलेलं नसतं. आपल्याकडे शिवाजी पेठेत 'अमक्या तालमीच्या मागं, गिरणीशेजारी' एवढ्यावर पत्र बिनचूक पोचतं. मी राजारामपुरीत वाढले. पत्ता म्हणजे आसपासची माणसं, हे इतकं अंगवळणी पडलेलं होतं की श्टुटगार्टच्या पहिल्या घरात पेटीवर नाव लावायचं मला सुचलंच नाही. कर क्रमांकाचं पत्र परत गेलं आणि पहिल्या पगारातून सर्वांत चढ्या दरानं कर कापला गेला. ते पैसे पुढं परत मिळाले, पण ज्या महिन्यात गादीपासून बादलीपर्यंत सगळं विकत घ्यायचं असतं, नेमके त्याच महिन्यात हाती नव्हते.

दर सुट्टीत घरी आले की गल्लीतलं कुणीतरी भेटायला येतं. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या कारखान्यांत चार-पाच वर्षं काढलेला मुलगा असतो, नाहीतर लग्न करून निघालेली मुलगी असते. नोकरी, व्हिसा, विमान यांची माहिती त्यांनी काढलेली असते. घराचं कुणी सांगितलेलं नसतं. ते सगळं एका जागी लिहून ठेवतेय. दाखले जर्मनीचे आहेत, कारण माझा अनुभव तिथला आहे.

निघण्याआधी, कोल्हापुरात

सगळ्यात आधी नावाचं स्पेलिंग बघा. पासपोर्टवर 'पाटील'मध्ये एक 'आय' आणि लग्नाच्या दाखल्यावर दोन 'ई' असतील तर महापालिकेत आत्ताच दुरुस्त करून घ्या. जर्मनीतल्या कारकुनाला ही दोन वेगळी आडनावं वाटतात आणि त्याचं काही चुकत नाही. आपल्या बहुतेकांच्या पासपोर्टवर स्वतःच्या नावापुढं वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव जोडलेलं असतं. मग तिथल्या प्रत्येक कागदावर, अगदी बँकेच्या कार्डावरही तेच लांब नाव येतं. एकदा ठरवा आणि सगळीकडे पासपोर्टवर आहे अगदी तसंच लिहा.

जन्माचा दाखला, लग्नाचा दाखला आणि पदवी या तिन्हींच्या मूळ प्रती हातातल्या बॅगेत घ्या. बाकीची कागदपत्रं घरी ठेवताना जागा विचारपूर्वक निवडा. 2019 आणि 2021 च्या पुरात पंचगंगेचं पाणी शिरलेल्या घरांत तळमजल्यावरच्या कपाटातले सातबारे आणि गुणपत्रिका भिजून लगदा झालेल्या मी पाहिल्या आहेत. राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी 39 फूट आणि धोक्याची 43 फूट. पावसाळ्यात तुम्ही हजारो मैलांवरून हे आकडे मोबाईलवर बघत बसणार आणि घरी फक्त आईबाबा असणार. म्हणून निघण्याआधीच फाईल वरच्या मजल्यावर किंवा उंचावरच्या नातेवाइकाकडे ठेवा आणि प्रत्येक कागद स्कॅन करा.

बँकेचं एक काम लोक हमखास विसरतात. परदेशात नोकरीसाठी गेलात की इथलं साधं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांचं रुपयांतलं खातं, करून घ्यावं लागतं, तसा नियमच आहे. घरफाळा आणि लाईट बिल कोण भरणार हे भावंडांशी स्पष्ट बोला आणि त्यासाठीचे पैसे त्या खात्यात ठेवा.

आता चटणीचं. आपण जिला चटणी म्हणतो ती, उन्हाळ्यात मिरची वाळवून, कांदा-लसूण, खोबरं, धने-जिरे भाजून डंकावरून कुटून आणलेली वर्षाची चटणी. ती जरूर न्या. तिथल्या भारतीय दुकानात मसाले सगळे मिळतात, ही चव मिळत नाही. तेल सुटून कपडे खराब होऊ नयेत म्हणून आई ती आधी जाड प्लास्टिकच्या पिशवीत भरते, हवा दाबून काढते, पिशवी मेणबत्तीवर चिकटवते, मग दुसऱ्या पिशवीत घालते आणि स्टीलच्या डब्यात ठेवून झाकणाला चिकटपट्टी लावते. सात वर्षांत एकदाही गळली नाही. पण तूप, पेढे, खवा, सुकं मटण घेऊ नका. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आत नेता येत नाहीत. ताजा कढीपत्ताही दाखल्याशिवाय चालत नाही. गूळ चालतो.

भांड्यांत कुकर घेताना चुंबक सोबत न्या. तिथल्या घरात गॅस क्वचितच असतो. काचेची सपाट शेगडी असते, आणि ती इंडक्शनची असेल तर चुंबक चिकटेल तेच बूड तापतं. अॅल्युमिनियमचा कुकर आणि गोल बुडाची कढई तिथं निरुपयोगी. बिडाचा तवा तापतो छान, पण काचेवर घासला तर चरे पडतात, तो उचलूनच हलवायचा. मिक्सर खुशाल न्या, वीज तिथंही 230 व्होल्टचीच आहे. फक्त आपली तीन गोल पिनांची प्लग तिथल्या भोकात बसत नाही, तेवढा अॅडॉप्टर घ्या.

घर बघताना

जाहिरातीत दोन भाडी असतात. काल्टमीटे म्हणजे नुसत्या जागेचं, वार्ममीटे म्हणजे त्यात पाणी, हीटिंग, जिन्याची सफाई असा जादा खर्च धरून. वीज आणि इंटरनेट बहुधा दोन्हींत नसतं. जादा खर्चाची रक्कम अंदाजानं धरलेली असते आणि वर्षाचा हिशोब नंतर येतो. हिवाळ्यात हीटर बेफाम चालवला असेल तर त्या पत्रातून काहीशे युरो मागितले जातात. पहिल्या वर्षी त्यासाठी थोडे पैसे बाजूला ठेवा.

'स्वयंपाकघर आहे का' हा प्रश्न स्पष्ट विचारा. कितीतरी घरांत ते नसतं. म्हणजे खोली असते, भिंतीतून नळाचे पाईप आणि वायरी बाहेर आलेल्या असतात. ओटा, सिंक, शेगडी, कपाटं काहीच नाही, आधीचा भाडेकरू सगळं उचलून घेऊन गेलेला. छताला दिवेही नसतात, नुसत्या वायरी लोंबतात. पहिल्यांदा परदेशी जाणाऱ्यानं स्वयंपाकघर असलेलंच घर घ्यावं, भाडं थोडं जास्त पडलं तरी. आधीचा भाडेकरू त्याचं सामान विकत देत असेल तर भाव करा, आपल्याला ते जमतं.

अनामत कायद्यानं तीन महिन्यांच्या काल्टमीटेपेक्षा जास्त घेता येत नाही आणि ती तीन समान हप्त्यांत द्यायचा हक्क तुम्हाला आहे. 'मी परदेशात आहे, पैसे पाठवा, किल्ली कुरिअरनं देतो' असं म्हणणाऱ्याला एक युरोही पाठवू नका. घर आतून बघितल्याशिवाय पैसे नाहीत, यात तडजोड करू नका. ओळखीचं कुणी त्या शहरात असेल तर त्याला बघायला पाठवा. कोल्हापूरचं माणूस कोल्हापूरच्या माणसासाठी एवढं करतं.

किल्ली घेताना

त्या दिवशी घाई करू नका. घरमालक किंवा त्याचा माणूस एक यादी घेऊन येतो आणि दोघांनी सह्या करायच्या असतात. भिंतीवरचा प्रत्येक डाग, फरशीवरचा चरा, बाथरूमच्या काचेवरचे पाण्याचे पांढरे डाग त्यात लिहून घ्या आणि फोटो काढा. विजेच्या, पाण्याच्या मीटरचे आकडेही लिहा. वीजमीटर बहुधा तळघरात असतं, तिथं जाऊन बघा. माझ्या पहिल्या घराच्या यादीत खिडकीच्या चौकटीवरची जुनी काळी बुरशी मी लिहून घेतली नाही, कारण समोरचा माणूस घड्याळ बघत होता आणि मला संकोच वाटला. घर सोडताना ती माझ्या नावावर लागली आणि अनामतीतले पैसे कापले. तिथं असा संकोच कुणी ठेवत नाही. तुम्ही बारकाईनं बघताय याचं कुणाला वाईट वाटत नाही, उलट माणूस व्यवस्थित आहे असं वाटतं.

याच भेटीत घरमालकाकडून आणखी एक कागद सहीनिशी घ्या: हा माणूस अमुक तारखेपासून इथं राहायला आला, असं लिहिलेला. त्याचं नाव वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग. उच्चार जमला नाही तर लिहून दाखवा, पण घेतल्याशिवाय निघू नका. भाडेकरार त्याच्या जागी चालत नाही.

पहिले चौदा दिवस

पेटीवर आणि बेलवर आडनाव, त्याच संध्याकाळी. पक्की पाटी घरमालकानं लावायची असते, पण तोवर कागदावर ठळक लिहून चिकटवा. नवरा-बायकोची आडनावं वेगळी असतील तर दोन्ही.

मग आनमेल्डुंग, म्हणजे नगरपालिकेच्या कार्यालयात पत्त्याची नोंद. राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत करायची, घरातल्या प्रत्येकाची, तान्ह्या बाळाचीसुद्धा. मोठ्या शहरांत वेळ लवकर मिळत नाही, म्हणून घर पक्कं झालं की कोल्हापुरातूनच ऑनलाईन वेळ घ्या. दोन आठवड्यांत तारीख मिळालीच नाही तर प्रयत्न केल्याचा पुरावा जपून ठेवा. पासपोर्ट, घरमालकाचा तो कागद, लग्नाचा आणि मुलांच्या जन्माचा दाखला सोबत न्यायचा. धर्म विचारतात. कारण नोंदणी असलेल्या ख्रिस्ती लोकांकडून तिथं चर्चचा कर घेतला जातो. आपण हिंदू लिहिलं किंवा काहीच लिहिलं नाही तर तो कर लागत नाही.

या नोंदीवर पुढचं सगळं उभं राहतं. अकरा आकडी कर क्रमांक पोस्टानं येतो. तो नोकरीच्या कंपनीला कळवला की पगारातला कर नीट कापला जातो. बँक, मोबाईलचं कनेक्शन, निवास परवाना, सगळीकडे हाच नोंदणीचा कागद मागतात. काही आठवड्यांनी आणखी एक पत्र येतं, रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं, दर घराला महिन्याला 18.36 युरो. 'आमच्याकडे टीव्ही नाही' म्हणून कितीतरी जण ते फेकून देतात. टीव्ही असो नसो, घर आहे म्हणजे भरायची. मात्र ती घरागणिक आहे, माणसागणिक नाही. चार मुलं मिळून राहत असाल तर एकानं भरायची आणि बाकीच्यांनी त्याचा वर्गणी क्रमांक कळवायचा.

विजेसाठी पळापळ नको. दिवा पहिल्या दिवशीच लागतो, कारण त्या भागातली मुख्य कंपनी आपोआप पुरवठा करते. तो दर महाग असतो. महिन्याभरात तुलना करून दुसरी कंपनी घ्या, मुख्य कंपनीला दोन आठवड्यांची सूचना पुरते.

खिडकी, वाफ आणि फोडणी

इथं जरा थांबते, कारण आपल्या लोकांची सगळ्यात जास्त अडचण इथंच होते.

कोल्हापूरचं घर श्वास घेतं. दार उघडं, खिडकी उघडी, वर पंखा. तिथली नवी घरं डब्यासारखी बंद असतात. भाताची वाफ, अंघोळीची वाफ, घरात वाळत घातलेले कपडे, आपला श्वास, हे सगळं पाणी आतच राहतं आणि थंड कोपऱ्यात, कपाटामागं, खिडकीच्या कडेला बसतं. महिन्या-दोन महिन्यांत तिथं काळे ठिपके येतात. ती बुरशी. दम्याच्या माणसाला ती वाईट, आणि घरमालकाशी पहिलं भांडणही तिच्यावरूनच होतं.

खिडकीची मूठ तीन तऱ्हांनी फिरते. खाली केली की बंद, आडवी केली की खिडकी दारासारखी पूर्ण उघडते, वर केली की वरच्या बाजूनं जराशी कलते. आपण थंडीला भिऊन ती दिवसभर कलती ठेवतो. ते चूक. त्यानं भिंत गार पडते, वाफ मात्र जात नाही. हीटर बंद करायचा, घरातल्या सगळ्या खिडक्या सताड उघडायच्या, पाच-दहा मिनिटं थांबायचं आणि बंद करायच्या. दिवसातून दोन-तीनदा, बाहेर बर्फ असला तरी. भिंती तेवढ्यात गार होत नाहीत, हवा मात्र बदलते. हीटरच्या नळावरचे आकडे 1 ते 5 असतात, 3 वर साधारण 20 अंश राहतात. 5 वर ठेवल्यानं खोली लवकर तापत नाही, फक्त जास्त तापते.

हे मला शिकवलं खालच्या मजल्यावरच्या आजींनी. ठेचा करायला मिरच्या आणि लसूण तव्यावर टाकले होते. बाहेरच्या खोलीच्या छतावरचं धुराचं यंत्र कानठळ्या बसतील असं वाजायला लागलं. घाबरून मी घराचं मुख्य दार उघडलं, तसा मिरचीचा खाट सगळा जिन्यात गेला आणि तीन मजल्यांवरची माणसं खोकत बाहेर आली. त्या आजी वर आल्या, तव्याकडे बघितलं, शेगडी बंद केली, माझं मनगट धरून मला खिडकीपाशी नेलं आणि मूठ आडवी करून दाखवली. मग दाराकडे बोट करून मान हलवली: ते कधी नाही. तेव्हापासून नियम सरळ आहे. फोडणीआधी शेगडीवरचा पंखा पूर्ण वेगात, स्वयंपाकघराचं आतलं दार बंद, खिडकी सताड उघडी, घराचं दार बंद. धुराचं यंत्र काढून ठेवू नका. झोपायच्या खोल्यांत ते कायद्यानं लागतं, आणि एखाद्या रात्री तेच जीव वाचवतं. खरी आग लागली तर 112.

तांबडा-पांढरा करायचा असेल तर तुर्की खाटकाकडे जा. कोकराचं मटण चांगलं मिळतं आणि हाडासकट तोडून देतात. शाळूचं पीठ भारतीय दुकानात मिळतं, जुनं असेल तर भाकरी चिरते, म्हणून लहान पाकीट आणा.

जिना, कचरा, रविवार

श्टुटगार्टच्या भागात केअरवोखे नावाची पद्धत आहे. आठवड्याची पाळी असते आणि एक पाटी असते. ती तुमच्या दारावर लटकली की त्या आठवड्यात जिना तुम्ही झाडायचा, पुसायचा. मोठ्या पाळीत बाहेरची फरसबंदी आणि हिवाळ्यात बर्फही येतो. कुणाच्या भाड्यातच सफाईवाला धरलेला असतो, ते करारात बघा. पाळी चुकवू नका. पहिल्या आठवड्यात मी जिना पुसताना त्याच आजी दारात उभ्या राहिल्या, 'कोपऱ्यातही' एवढंच म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवशी पेटीत केकचा तुकडा होता. नावानं हाक मारू नका. बाईंना फ्राउ, गृहस्थांना हेर, पुढं आडनाव, आणि बोलताना 'झी', आपल्या अहो-जाहोसारखं.

कचरा वेगळा करायचा: कागद, प्लास्टिकची वेष्टणं, भाजीपाला, उरलेला. काचेच्या बाटल्या चौकातल्या टाक्यांत रंगाप्रमाणं, पण रविवारी नाही, आवाज होतो. बहुतेक प्लास्टिकच्या बाटल्यांवर 25 सेंट अनामत असते, दुकानातल्या यंत्रात टाकल्या की परत मिळते. रविवारी दुकानं बंद, शनिवारीच दूध-भाजी भरून ठेवा. रात्री 10 ते सकाळी 6 शांतता. भिंतीत खिळा ठोकायचा तोही रविवारी नको.

किल्ली

तिथल्या घराच्या दाराला बाहेरून फिरणारी मूठ नसते, नुसता गोळा असतो. दार ओढलं गेलं की किल्लीशिवाय उघडत नाही. कचरा टाकायला खाली जाताना, चपला घालायच्या आधी किल्ली खिशात. सुट्टीच्या दिवशी कुलूप उघडणाऱ्यानं माझ्याकडून मागितलेल्या रकमेत महिन्याचा किराणा आला असता. जादा किल्ली शेजारी विश्वासाच्या माणसाकडे द्या. माझी आजींकडे आहे.

दायित्वाचा विमा, म्हणजे आपल्या हातून दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरपाई देणारा, पहिल्या महिन्यातच घ्या, त्यात किल्ली हरवण्याची भरपाई आहे ना हे वाचून. इमारतीची किल्ली हरवली तर सगळ्यांची कुलपं बदलायचा खर्च तुमच्यावर येऊ शकतो. विम्याचा हप्ता त्या मानानं फार थोडा असतो.

आईबाबा येतील तेव्हा

घर लागलं, की वर्षा-दोन वर्षांत आईबाबा येतात. शेंगेन व्हिसावर, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणाऱ्या थोड्या मुदतीच्या व्हिसावर, 180 दिवसांत 90 दिवस राहता येतं आणि प्रवास विमा किमान 30,000 युरोंचा लागतो. उन्हाळ्यात बोलवा. त्या दिवसांत आपल्या आणि तिथल्या घड्याळात साडेतीन तासांचा फरक असतो, हिवाळ्यात साडेचार.

माझ्या आईबाबांचं आडनाव माझ्या पेटीवरच्या आडनावापेक्षा वेगळं आहे. ते आले तेव्हा मी पेटीवर तिसरी पट्टी लावली, कारण बाबांच्या बँकेचं एक पत्र तिथं येणार होतं. बाबा रोज सकाळी रंकाळ्यावर फेरी मारणारे, तिथंही सहा वाजता बाहेर पडायचे. पहिल्या दिवशी त्यांच्या गळ्यात दोरीला बांधून किल्ली घातली आणि दोनदा बाहेरून दार उघडायला लावलं. खालच्या आजींची बेल कोणती तेही दाखवलं.